सुईताईचा अंदाज

त्या शेडमध्ये तिला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे सुईताई म्हणत. शिवणकामाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. साधं बटण तुटलं तरी कपडा भावजयीपुढे टाकायची. ती मासे टोचायची. हो, मासेच. हसू नका. अकरा वर्षं ही बाई सकाळी सात ते दुपारी तीन, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, एका पांढऱ्या टबासमोर उभी राहून जिवंत माशांना सुई टोचत होती, आणि तिच्या हाताखालून गेलेले मासे सहसा मरत नसत. एवढा हलका हात त्या धक्क्यावर दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मासा टोचायचा कशाला, असं विचाराल. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे तो पाण्यात जिथल्या तिथे तरंगून राहतो, बुडत नाही की वर येत नाही. खोल पाण्याचा दाब त्या पिशवीला चेपून ठेवतो. तोच मासा झटकन वर आणला की दाब जातो आणि पिशवी फुगते. मग तो पोट वर करून टबात लोळतो, डोळे बाहेर येतात, फारच खोलचा असेल तर आतडी मागून डोकावतात. अशा माशाला ओल्या रुमालात धरायचं, बाजूच्या पराच्या मागे खवल्याखालून सुई तिरकी सरकवायची, तीही पाण्यातच, आणि बोटाने पोट हलकेच दाबायचं. सुईतून बुडबुडे निघतात. एक जास्त गेला तर मासा तळाला बसतो, एक कमी गेला तर पुन्हा उलटा होतो. कधी थांबायचं हे बोटाला कळावं लागतं, आणि ते शिकवता येत नाही. तिच्या हाताखाली तीन मुली येऊन रडून गेल्या होत्या.

धंदा शोभेच्या माशांचा. लांबच्या शहरांत कुणाच्या तरी बैठकीत काचेच्या पेटीत दिवा लावून ठेवायला हे मासे जात. आणायचे पाणबुड्यांनी. होडीवर काँप्रेसर धडधडत असे, त्याची पिवळी नळी तोंडात धरून ते पोवळ्याच्या खडकावर उतरत आणि बारीक जाळ्याने एकेक मासा धरत. खोली मोजायची ती वावांत, म्हणजे दोन हात पसरले की होते तेवढी एक वाव. आणि सुईताईला टबातल्या माशाचं पोट बघून तो किती वावांवरून आला ते सांगता यायचं. पाणबुडे मुद्दाम तिची परीक्षा घेत. ती वावभरसुद्धा चुकत नसे. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता, आणि का नसावा? दुसरं होतं काय तिच्याकडे.

होता तो एक भाऊ. आई गेली तेव्हा ही पंधरा वर्षांची, तो सहाचा. बाप त्याआधीच घर सोडून गेलेला. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढून तिने भावाला वाढवलं, त्याचं करता करता स्वतःचं लग्न राहूनच गेलं. "राहून गेलं ते बरंच झालं," असं ती म्हणायची, आणि ते खोटं आहे हे ऐकणाऱ्यालाही कळायचं. धाकटा म्हणतच त्याला सगळे, बायको-मुलीचा धनी झाला तरी धाकटाच. एकोणिसाव्या वर्षी तो पाणबुड्या झाला. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पलंग आणि भावजयीचं शिवणयंत्र, मागच्या खोलीत चूल, मोरी आणि सुईताईचं अंथरूण, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. पाच वर्षांची पुतणी आत्याच्या कुशीत झोपायची.

आता ज्या माशाने या घराचं वाटोळं केलं त्याच्याविषयी सांगतो. मासा चार बोटं लांब. खडकाचा जिथे कडा तुटतो आणि खाली निळंशार अंधारतं, त्या कड्याला लागून यांचे घोळके राहतात. प्रवाह समोरून येतो, त्याच्याकडे तोंड करून शेकडो मासे एका जागी शेपट्या हलवत थांबतात आणि वाहत येणारे डोळ्यांना न दिसणारे किडे टिपतात. मोठा मासा आला की सगळे एका झटक्यात खडकाच्या भेगांत. दिवस मावळला की तिथेच झोप. रंग भडक केशरी, म्हणून शेंदरी म्हणत. पण प्रत्येक घोळक्यात एखादाच निराळा. अंगाने मोठा, जांभळा, परावर लाल ठिपका आणि पाठीवर लांब तुरा. तो नर. गिऱ्हाइकाला हवा असायचा तो जांभळाच. शेंदऱ्यांना कोण विचारतो.

गंमत अशी, की जांभळा संपत नसे. आज घोळक्यातला जांभळा धरून आणावा, महिन्याने बघावं तर तिथे दुसरा हजर. पाणबुडे म्हणत, खालून येतात. खालून म्हणजे कुठून, ते कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाला पडलेलीही नव्हती.

सुईताईला पडली होती. एकदा तिच्या टबात एक अर्धवट मासा आला, तोंड जांभळं आणि शेपूट केशरी. तो मेला तेव्हा तिने तो ब्लेडने उघडला. आत सुकत चाललेली अंडी. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने कोपऱ्यातला एक गळका टब मागून घेतला, भेगेला मेण लावलं, आणि त्यात आठ शेंदऱ्या सोडल्या. जांभळा एकही नाही. खारट पाण्यात उबवलेली कोळंबीची बारीक पिल्लं तिन्हीत्रिकाळ घालायची आणि बघत बसायची. तिसऱ्या दिवसापासून थोरल्या शेंदरीने बाकीच्यांना दटावायला सुरुवात केली. आठवड्यात तिचा रंग मळला. मग तोंड जांभळं झालं, मग पाठ, मग पाठीवरचा तुरा वाढला. एकोणिसाव्या दिवशी टबात सात शेंदऱ्या होत्या आणि एक पुरता जांभळा.

शेडमध्ये ही बातमी फुटली तेव्हा बायकांनी जी मजा केली ती काही विचारू नका. पिशव्या भरणारी म्हणाली, माशांचं नशीब थोर, घरातला बाप्या गेला की थोरल्या बाईनेच मिश्या लावायच्या, नवा शोधायची कटकट नाही. दुसरी म्हणाली, आमचा तर वीस वर्षांत एकदाही रंग बदलला नाही, जांभळा होतो तो पिऊन पडल्यावर. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. सुईताई तर अशी मिरवत होती की जणू त्या माशांची बाळंतपणं तिनेच केली.

घरी जेवताना तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत होता. मग त्याचे डोळे चमकले. म्हणजे ताई, तो म्हणाला, हे वांग्याच्या झाडासारखं झालं की. शेंदऱ्यांना हात लावायचा नाही, तयार झालेला जांभळा तेवढा खुडायचा आणि तीन आठवड्यांनी परत जायचं. तिलाही ते पटलं. पटलं कसलं, तिनेच भर घातली, की कुठल्या घोळक्यातून कधी जांभळा उचलला ते लक्षात ठेव, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. बुद्धी पाजळली बाईने. त्या वेळी तिला कुणी सांगितलं असतं की तू काय करून बसली आहेस, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

दोन वर्षं धाकट्याइतके जांभळे धक्क्यावर कुणी आणले नाहीत. शेडचा मालक खूश, धाकट्याला खडकावर नेणारा होडीवाला खूश. मग बाकीच्यांनीही त्याचं बघून तेच केलं. आणि तिसऱ्या वर्षी सुईताईच्या लक्षात आलं की तिला बारीक सुई लागते आहे. नेहमीची सुई त्या माशाला जाड पडत होती. जांभळे येत होते, पण पोरसवदा. चार महिन्यांनी तिला त्याहून बारीक सुई मागवावी लागली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थोरली शेंदरी म्हणजे सगळ्यात जास्त अंडी घालणारी. ती जांभळी होणार आणि उचलली जाणार. मग तिच्या खालची. आणि मधले तीन आठवडे नरच नाही, म्हणजे घातलेली अंडीही वाया. शेंदऱ्यांना हात न लावता आपण शेंदऱ्याच संपवल्या, तिला कळलं. आणि ही युक्ती दुसऱ्या कुणाची नव्हती, तिची होती.

तिने धाकट्याला सांगितलं, बाबा रे, दोन वर्षं तो खडक सोड, भरून येऊ दे. तो म्हणाला, आता सांगतेस? जांभळ्यांसाठी मालक रोज विचारतो. जुना कडा रिकामा झाला होता. त्याच्या खाली खडकाची दुसरी पायरी होती, वीस वावांवर आणि त्याहून खोल, आणि तिथे अजून फारसं कुणी जाळं लावलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या होडीवरचा एक पाणबुड्या तिथून भर्रकन वर आला आणि फळीवरच मेला, म्हणून मालकाने आठ वावांखाली जायची बंदी घातली होती. बंदी होती, आणि जांभळे आले की मालक ते कुठून आले हे विचारत नव्हता.

खोलात माणसाचंही माशासारखंच होतं. फरक एवढाच की माणसाची हवा पिशवीत नसते, रक्तात मुरलेली असते. हळूहळू वर आला, मध्ये थांबत थांबत आला, तर श्वासातून निघून जाते. घाईने आला तर आतल्या आत बुडबुडे धरतात. सुईताईला हे धक्क्यावरच्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून तिच्या टबात पहिल्यांदा आतडी बाहेर आलेला जांभळा आला, तेव्हा तिने आधी तो कुणी धरला ते पाहिलं. धाकट्यानेच धरला होता.

संध्याकाळी तिने विचारलं, आज कुठे होतास? तो म्हणाला, नेहमीच्या कड्यावर.

"तो मासा वीस वावांचा होता," ती म्हणाली. "मला शिकवतोस?"

धाकट्याने मान खाली घातली. मग घरात जे रामायण झालं ते झालं. भावजय रडली, पुतणी घाबरून पलंगाखाली शिरली. तिच्याकडे बोट दाखवून सुईताई म्हणाली, हिला बाप हवा की जांभळा? शेवटी त्याने पोरीसमोर शब्द दिला, आठ वावांच्या खाली जाणार नाही. सुईताईने त्याला बजावलं की माझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही, माशाचं पोट मला रोज सगळं सांगतं.

आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यापासून धाकट्याचे मासे सपाट पोटाचे येऊ लागले, उथळ पाण्यातून सावकाश वर आणलेले असतात तसे. टबात सोडले की सरळ पोहायचे. एखाद्यालाच टोचावं लागे, तेही नावाला. सुईताईचा जीव भांड्यात पडला. सव्वा वर्ष ती निवांत झोपली. पोरगा सुधारला, असं शेजारणीला सांगायची. पोरगा म्हणजे तीस वर्षांचा बाप्या.

बाकीच्या गोष्टी तिला दिसत नव्हत्या असं नाही. धाकट्याचा उजवा खांदा दुखायचा. तो म्हणायचा, नांगर ओढून. अंगाला खाज सुटायची. तो म्हणायचा, खारं पाणी. दुखऱ्या खांद्यावर ती गरम पाण्याची पिशवी धरून बसायची आणि दुसऱ्या दिवशी टबात सपाट पोटं बघून शंका झटकून टाकायची. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जांभळे पुन्हा अंगाने मोठे यायला लागले होते. तिला पुन्हा जुनी जाड सुई काढावी लागली. ज्या कड्यावर पोरसवदा मासे उरले होते तिथे वर्षभरात हे एवढाले जांभळे कुठून आले, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण तिने स्वतःची समजूत घातली की आपलं ऐकून सगळ्यांनी घोळक्यांना उसंत दिली असेल, खडक भरून आला असेल. आपल्या शहाणपणाचं फळ आहे म्हटल्यावर माणूस फार खोलात जात नाही.

मग तो दिवस आला. सकाळचे अकरा वाजले होते. होडीवाला, साठीचा माणूस, धाकट्याला पाठीवर घेऊन धक्क्यावरून पळत आला. धाकट्याचे पाय लोंबत होते. शुद्ध होती-नव्हती, मध्येच ओकत होता. सुईताईने हातातला मासा तसाच टाकला. मालाच्या टेम्पोत घालून त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. दवाखाना लहान, सहा खाटांचा. नर्सने दारातच सांगितलं, आत एकच नातेवाईक. सुईताई आत गेली. होडीवाला बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

डॉक्टर तरुण होता, महिन्यापूर्वीच आलेला. पण निष्काळजी म्हणता येणार नाही. त्याने पायांना टाचणी टोचून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग म्हणाला, पाण्यातून वर येताना बुडबुडे धरले असतील तर याला मोठ्या शहरात दाबाच्या खोलीत, म्हणजे हवेचा दाब वाढवून ते बुडबुडे परत जिरवतात तिथे, न्यावं लागेल, चार तासांचा रस्ता आहे, आणि जेवढा वेळ जाईल तेवढं वाईट. त्याने तिथे फोन लावला. तिकडच्या डॉक्टरने विचारलं, किती खोल गेला होता? रोज किती जायचा? तरुण डॉक्टरने फोन छातीशी धरून धाकट्याला विचारलं. धाकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग डॉक्टरने सुईताईकडे पाहिलं.

"आठ वाव," सुईताई म्हणाली. "त्याच्या खाली नाहीच."

"नक्की?"

"डॉक्टर, अकरा वर्षं मी हेच काम करते आहे. तो कुठून मासे आणतो ते मला माशाच्या पोटावरून कळतं. वर्षभरात एक मासा खोलचा आलेला नाही. कालचाही नाही."

ती इतक्या ठामपणे बोलली की त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याने आठ वावांचे मीटर करून फोनवर आकडा सांगितला. तिकडून उत्तर आलं की एवढ्या उथळ पाण्यात पाय जाण्याइतकं सहसा होत नाही, दुसरं काही असेल, कण्याला मार असेल किंवा मेंदूचं काही असेल, आधी ते तपासा, तोवर ऑक्सिजन द्या आणि लक्ष ठेवा. तसं त्याने केलं. दुपारी कण्याचे फोटो काढले, सलाईन लावलं. सुईताई भावाचे तळपाय चोळत बसली होती. ते गार होते आणि तिच्या हातांना दाद देत नव्हते. मधूनच धाकटा डोळे उघडून काहीतरी पुटपुटायचा. तिला एकदा "बादली" असं ऐकू आलं. त्याला उलटी येते आहे असं समजून तिने भांडं पुढे केलं.

पाच वाजता ती पाणी आणायला व्हरांड्यात आली. होडीवाला अजून तिथेच. सहा तास तो त्या बाकावरून हलला नव्हता. त्याने विचारलं, दाबाच्या खोलीत कधी नेणार? ती म्हणाली, न्यायची गरज नाही म्हणतात, हे खोल पाण्यामुळे झालेलं नाही, दुसरं काहीतरी आहे.

होडीवाला दोन्ही हातांनी डोकं धरून खाली वाकला.

"ताई, तो रोज तीस वावांवर जायचा," तो म्हणाला. "तुम्हाला सांगू नको म्हणून हातापाया पडला होता माझ्या."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. धाकटा भोकं पाडलेल्या झाकणाच्या बादलीत मासे भरायचा आणि ती दोरीला बांधून अर्ध्या खोलीवर लटकावून ठेवायचा. रात्रभर मासे तिथे राहायचे. दुसऱ्या दिवशी बादली आणखी वर घ्यायची, पुन्हा थांबवायची. दीड दिवसात माशाच्या पिशवीतली हवा आपोआप जिरायची आणि तो सपाट पोटाने वर यायचा. त्याला सुईची गरजच उरायची नाही. हे सगळं होतं ते बहिणीला कळू नये म्हणून. माशाला तो दीड दिवस देत होता. स्वतः मात्र तासाभरात उतरून, मासे धरून, न थांबता वर यायचा, कारण काँप्रेसरच्या तेलावर आणि होडीवर बाकीच्या पाणबुड्यांचाही वाटा होता, आणि ते वर थांबलेले असायचे. "मी म्हणायचो त्याला, थोडा थांब रे," होडीवाला म्हणाला, "पण त्याला सवय झाली होती. मला वाटलं आत तुम्ही डॉक्टरला सांगितलं असेल. मला वाटलं तुम्हाला पाय बघून कळलं असेल."

सुईताईच्या हातातला तांब्या कधी पडला ते तिला कळलं नाही. ती धावत आत गेली. पुढचं सगळं घाईने झालं. गाडी मिळाली, दाबाच्या खोलीत त्याला घातलं ते अकरा दिवस रोज घातलं. तिकडचा मोठा डॉक्टर सभ्य माणूस होता. त्याने कुणावर ठपका ठेवला नाही. एवढंच म्हणाला की लवकर आला असता तर कदाचित उठून चालला असता. कमरेखाली धाकट्याला परत काही जाणवलं नाही.

घरी आणल्यावर पुढच्या खोलीतला पलंग त्याचा झाला. शिवणयंत्र मागे सरकलं. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. सुईताई अर्धा दिवस शेडमध्ये जायची आणि धावत घरी यायची. तिने दवाखान्यात काय सांगितलं हे तिच्याखेरीज दोन डॉक्टरांना माहीत होतं. घरात कुणाला नाही. होडीवाल्याला वाटत होतं की आपल्या गप्प बसण्यामुळे हे झालं. तो दर आठवड्याला यायचा, दारात टोपी काढून उभा राहायचा आणि म्हणायचा, माझं चुकलं. भावजय तोंड फिरवायची. आणि सुईताई, सांगायला जीभ रेटत नाही पण खरं आहे, ती मान खाली घालून भाजी निवडत राहायची. चार महिने तिने त्या म्हाताऱ्याला ते ओझं वाहू दिलं.

एका दुपारी भावजयीने त्याला सांगितलं, पुन्हा या दारात येऊ नका. तो टोपी घालून गेला. भावजय मग शिवलेले कपडे पोचवायला मुलीला घेऊन बाहेर पडली. घरात दोघंच उरली, बहीण आणि भाऊ.

धाकटा छताकडे बघत म्हणाला, बरं केलं तिने, त्याने वेळेवर तोंड उघडलं असतं तर. मग म्हणाला, "तू तरी आत होतीस ताई. तू नसतीस तर मी त्याच दिवशी संपलो असतो."

सुईताईला ते सहन झालं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगून टाकलं. डॉक्टरने विचारलं होतं, शहरातला डॉक्टर फोनवर थांबला होता, गाडी काढायची बाकी होती. त्यांना तिने काय सांगितलं आणि किती ठासून सांगितलं, ते सगळं. होडीवाल्याला कुणी आतच घेतलं नव्हतं, हेही.

"किती म्हणालीस?" त्याने विचारलं.

"आठ."

त्याने नजर पुन्हा छताकडे वळवली. रागावला असता, शिव्या घातल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो झिडकारला नाही, पण बोटंही हलवली नाहीत. मग ती उठून पडद्याआड मागच्या खोलीत गेली आणि मोरीशी उभी राहिली.

तीन वाजले. त्याची कूस बदलायची वेळ झाली होती. ती पडद्यापाशी आली आणि थांबली. पुढे जायचा धीर होईना. साडेतीन झाले. तो हाक मारत नव्हता. उताणा पडून पडून त्याच्या खांद्यांना रग लागली असणार, श्वास जड झाल्याचं तिला पलीकडून ऐकू येत होतं. तो दात चावून सोसत होता, आणि उठून कुठे निघून जाणं त्याच्या हातात नव्हतं. चार वाजले. भावजय अजून आली नव्हती.

"ताई," शेवटी त्याने हाक मारली.

ती पडदा सारून आली. तिने एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि सवयीने त्याला आपल्या बाजूला वळवायला लागली.

"इकडे नको," तो म्हणाला. "भिंतीकडे कर."

तिने त्याला भिंतीकडे वळवलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली आणि चादर सारखी केली.